टेदरवरचा हट्टी गोंद काढताना केबलचं जॅकेट कसं वाचवायचं

पाऊस लागला आणि एक जूनला ट्रॉलर जेटीला बांधले गेले की आमच्या गोव्याच्या वास्कोत आरओव्हीवाल्यांचीही, म्हणजे पाण्याखालचे रिमोट रोबोट चालवणाऱ्यांचीही, कामं थंडावतात. दर्या खवळलेला, पाणी गढूळ, कॅमेऱ्यात काहीच दिसत नाही, मग टेदर (रोबोटला वर जोडणारी लांब केबल), लाइटच्या वायरी, थ्रस्टरच्या (पंख्याच्या मोटरच्या) केबल सगळं याच दोन महिन्यांत रिपेअरला निघतं. आणि जवळजवळ प्रत्येक केबलवर आधी कोणीतरी बोटीवर घाईत मारलेलं काहीतरी असतंच. काळ्या टेपचा चिकटा, हीट श्रिंकच्या (गरम केली की आवळणारी प्लास्टिक नळी) आतलं ग्लू, एपॉक्सी, सिलिकॉन, कधी एम-सीलचा गोळा तर कधी चक्क फेविक्विक. नवीन जॉइंट मारायच्या आधी हे सगळं काढावंच लागतं, कारण नवीन एपॉक्सी जुन्या चिकट्याला धरतं, जॅकेटला म्हणजे केबलच्या बाहेरच्या आवरणाला धरत नाही, आणि मग पाणी बरोबर त्या दोघांच्या मधून आत शिरतं.

पण या सगळ्यात किंमत जॅकेटची आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. गोंद थोडा राहिला तर उद्या परत पुसता येतो. जॅकेटला ब्लेड लागलं किंवा थिनरने ते फुगलं तर तो तुकडा गेलाच. दर 10 मीटर खोलीला साधारण 1 बार प्रेशर वाढतं, म्हणजे 30 मीटरवर काम करताना केबलवर वरच्यापेक्षा 3 बार जास्त. एवढ्या दाबाला केसाएवढी चीर पुरते. पाणी एकदा आत गेलं की केव्हलरच्या धाग्यांतून आणि तांब्याच्या बारीक तारांमधून लांबपर्यंत ओढलं जातं. जॉइंटपाशी सगळं ठीक दिसतं आणि हातभर आत कापून बघावं तर तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यात क्रम हाच: आधी हाताने, मग थोड्या उष्णतेने, आणि सॉल्व्हंट सगळ्यात शेवटी, तोही चिंधीवर घेऊन, केबलवर कधीही ओतायचा नाही.

सुरुवातीला केबल दोन्ही बाजूंनी सोडवा, पॉवर आणि बॅटरी बाजूला. गोड्या पाण्याने नीट धुवा, कारण मीठ आणि रेतीचे कण राहिले आणि त्यावर चिंधी घासली तर आपणच जॅकेटवर पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. वाळू द्या. कनेक्टरला त्याची कॅप लावा, कॅप हरवली असेल तर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून रबरबँड. आणि केबलचं टोक कापलेलं असेल तर ते आधी बंद करा, टेपने किंवा छोट्या हीट श्रिंकने, आणि काम चाललंय तोवर ते टोक वरच्या बाजूला टांगून ठेवा. हे बरेच जण करत नाहीत. उघड्या टोकाजवळ आयपीएची (आयसोप्रोपिल अल्कोहोलची) चिंधी फिरवली की विरघळलेला चिकटा आणि मीठ दोन्ही सॉल्व्हंटबरोबर आत ओढले जातात, आणि तिथून ते बाहेर काढायचा काही उपाय नाही.

आता जॅकेट ओळखायचं. केबलवरचं छापील वाचा, पीव्हीसी, पीयूआर (पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू), पीई (पॉलिथिन) असं काहीतरी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, मिठाने पुसट झालं असेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. नसेलच तर हाताने अंदाज घ्या. चांगले आरओव्ही टेदर बहुतेक पॉलियुरेथेनचे असतात, मॅट, चिवट, नख दाबलं तरी खूण राहत नाही. पीव्हीसी जरा गुळगुळीत आणि मऊ. कनेक्टरच्या पिगटेलवर (त्याला जोडलेल्या छोट्या केबलवर) काळं निओप्रीन रबर असतं. पीई मेणचट लागतं. जॅकेटचा छोटा तुकडा, आतलं तांबं काढून, पाण्यात टाकला तर पीई तरंगतं आणि पीव्हीसी बुडतं, ही टेस्ट चांगली आहे पण न्यूट्रल बॉयन्सीच्या (पाण्यात ना बुडणाऱ्या ना वर येणाऱ्या) टेदरला लावू नका, त्याच्या जॅकेटमध्ये मुद्दामच फोम असतो, तो तरंगणारच. आणि काहीही ओळखलं असलं तरी सॉल्व्हंट आधी कापून टाकलेल्या तुकड्यावर ट्राय करायचा. बोळा भिजवून त्यावर 10 मिनिटं ठेवा, मग बघा बोळ्याला रंग लागला का, जॅकेट चिकट झालं का, बोटाला मऊ किंवा फुगलेलं लागतं का. यातलं एक जरी झालं तरी तो सॉल्व्हंट या केबलसाठी बाद.

दुकानात गेलात की हमखास कोणीतरी एनसी थिनरची बाटली पुढे करतो, "हे न्या बाब, कसलाही गोंद निघतो." निघतो हे खरं आहे, पण त्यात टोल्युइन, अॅसिटोन असलं सगळं असतं आणि ते पीव्हीसी, पॉलियुरेथेन, रबर सगळ्यांनाच खातं. अॅसिटोन सुटा घेतला तरी पीव्हीसी मऊ करतो आणि पीयू फुगवतो. टर्पेंटाईन आणि रॉकेल रबराला वाईट, वर तेलकट थर ठेवतात. मी केबलवर आयपीए वापरतो, 99 टक्केवाला, छोट्या बाटल्यांत घेतलेला, कारण आपल्या पावसाळ्यात उघडी बाटली हवेतला ओलावा ओढत राहते. सॅनिटायझरसुद्धा अल्कोहोलच ना म्हणून तो वापरू नका, त्यात ग्लिसरीन किंवा जेल असतं आणि ते जॅकेटवर राहतं. अजून एक, आयपीए असो की अॅसिटोन, आरओव्हीचा डोम आणि ट्यूब अॅक्रिलिकची असेल तर हे दोन्ही तिथून लांब ठेवा, अॅक्रिलिकवर अल्कोहोल लागला की आत बारीक बारीक तडे उमटतात आणि प्रेशरखाली अशी ट्यूब भरवशाची राहत नाही. शक्य असेल तर केबल वेगळ्या टेबलावरच घ्या.

आता एकेक गोंद बघू.

काळ्या टेपचा चिकटा सगळ्यात जास्त भेटतो. आपल्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन कडेने बाहेर येतो, त्यात रेती बसते, आणि काळा लगदा तयार होतो. टेप सोडवताना हळू, केबलच्या अगदी जवळून मागे दुमडत ओढायची, सरळ वर खेचली की गोंद मागे राहतो. जो राहिला त्याला अंगठ्याने चोळून गोळी करा आणि त्याच गोळीने बाकीचा टिपा, टिप टिप टिप, चिकट्याला चिकटाच उचलतो. तरी राहिलाच तर खोबरेल. फणस कापताना सुरीला आणि हाताला आपण तेल लावतो ते ज्या कारणाने, त्याच कारणाने इथेही चालतं, तेल चिकात शिरतं आणि त्याची पकड जाते. पीव्हीसी आणि पीयूवर थोडं खोबरेल लावा, 15-20 मिनिटं थांबा, कापडाने पुसा. रबरी जॅकेटवर मात्र तेल नको. आणि तेल लावलं तिथे भांड्यांच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने दोनदा धुतल्याशिवाय पुढे जायचंच नाही, मग वाळवून आयपीए. तेलाचा पातळ थर राहिला तर त्यावर एपॉक्सी बसतं, सेट होतं, दिसायला एकदम छान, आणि पहिल्या डाइव्हला सुटतं.

सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, म्हणजे ती ओढून गुंडाळतो ती रबरी, ही स्वतःला चिकटते, केबलला फारशी नाही. तिच्यावर लांबीच्या दिशेने चीर द्यायची पण पूर्ण खोल नाही, वरचे दोन-तीन थर, मग दोन्ही हातांनी ताणून फाडायची, आतले थर आपोआप उलगडतात. ब्लेड जॅकेटपर्यंत जायची गरजच पडत नाही. ब्यूटिल मॅस्टिकचा चिकट लगदा असेल तर केबलचा तो भाग प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून बर्फात ठेवा अर्धा तास. जेटीवर बर्फाला काय कमी. लगदा जरा घट्ट होतो, हाताला लागायचा कमी होतो आणि तुकड्यांनी निघतो. फक्त थंड असताना केबल वाकवू नका, पीव्हीसी त्यावेळी कडक असतं.

हीट श्रिंकच्या आतलं ग्लू काढण्यात वेळ जातो. हे हॉट मेल्ट असतं, गरम केलं की सुटतं, पण ज्या तापमानाला ते सुटतं त्याच्या आसपासच पीव्हीसीही मऊ पडतं, आणि आत डेटाच्या जोड्यांवर फोमचं किंवा पॉलिथिनचं इन्सुलेशन असेल तर ते दबून तारांमधलं अंतर बदलतं. मग केबल तुटलेली नसते तरी व्हिडिओ अडकायला लागतो आणि माणूस महिनाभर सॉफ्टवेअर शोधत बसतो. म्हणून हीट गन एकदम कमीवर, वीतभर लांब, सतत हलती, आणि तोंड हीट श्रिंकवर, बाजूच्या उघड्या जॅकेटवर ओला फडका गुंडाळलेला. आधी थंड असतानाच हूकवाल्या कटरने हीट श्रिंकच्या कडेला छोटी खाच पाडून ठेवा. गरम केलं, कड जराशी उचलली गेली की नाकाच्या पक्कडीने ती पकडा आणि केबलभोवती गोल फिरवत सोलत चला, स्प्रिंगसारखी पट्टी निघते. ग्लू मधासारख्या तारा सोडतं, त्या तारा तुटायच्या आत सुती कापड भोवती मुठीत धरून एकदा फिरवा, अर्धं काम तिथेच होतं. थंड झालं की परत गरम करा, खेचाखेची नको. पक्कडीने केबल स्वतः कधीच धरायची नाही, फक्त पट्टी.

मागे जो पातळ थर राहतो त्याला पूर्ण थंड होऊ द्या. मग इअरबडने त्याच्या कडेला आयपीएचा एक थेंब. बहुतेक हॉट मेल्टमध्ये आयपीए कडेतून आत सरकतो आणि ग्लू विरघळत नाही पण सुटतं, आइस्क्रीमच्या काडीने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकललं की खपलीसारखं उठतं. आणि हे नीट लक्षात घ्या, हीट गन आणि आयपीए एकाच वेळी टेबलावर नसले पाहिजेत. आयपीएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते) 12 डिग्रीच्या आसपास आहे, अॅसिटोनचा तर शून्याच्या खूप खाली, म्हणजे गोव्यात वर्षभर, दिवसरात्र ते पेट घ्यायला तयारच असतात. गन बंद, तिचं तोंड गार, मगच बाटली उघडायची. बोटीच्या केबिनमध्ये तर नकोच, ही वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात पाणी साचतं तिथे, जाऊन बसते आणि बिल्ज पंपाचा स्विच कधी चालू होईल सांगता येत नाही. डेकवर, वारा पाठीमागून येईल असं बसून करा.

एपॉक्सीला सॉल्व्हंट नाही असंच धरून चला. सेट झालेलं अराल्डाइट किंवा एम-सील जे विरघळवेल ते तुमचं जॅकेट कधीच संपवून बसलेलं असेल. पण रूम टेंपरेचरला सेट होणारं साधं एपॉक्सी 50-60 डिग्रीच्या वर नरम पडायला लागतं, तेवढ्याला हेअर ड्रायर पुरतो. गरम करून लाकडी काडीने कड उचला. पीईवर ते असंही नीट चिकटलेलं नसतं, सुटं होतं. पीयूवर घट्ट बसलेलं असेल तर सगळं काढायचा हट्ट नको, जे हलत नाही ते जॅकेटला घट्ट धरून आहे, त्याला पॉलिश पेपरने खरडून सपाट करा आणि नवीन जॉइंट त्याच्या पुढच्या स्वच्छ जॅकेटवर लांबून घ्या. पेनिट्रेटरमध्ये (केबल ट्यूबच्या आत नेणारा बोल्टसारखा भाग) पॉटिंग केलेली, म्हणजे एपॉक्सी ओतून बसवलेली, केबल असेल तर माझं मत सरळ आहे, ती सोडवत बसू नका. कापा, दोन-चार इंच केबल जाऊ द्या, नवीन पेनिट्रेटर लावा. पेनिट्रेटर आणि जॅकेट दोन्ही वाचवायच्या नादात दोन्हीवर ओरखडे येतात. अॅल्युमिनियमचा भाग पुन्हा वापरायचाच असेल तर ओ-रिंगच्या (गोल रबरी सीलच्या) बाजूला लोखंडी काही लावू नका, आणि ड्रेन साफ करायच्या कॉस्टिकमध्ये तर अजिबात बुडवू नका, ते अॅल्युमिनियमलाच खातं.

फेविक्विकला अॅसिटोन लागतो हे सगळ्यांना माहीत, पण केबलवर त्याची गरज नाही. ते सेट झाल्यावर ठिसूळ असतं. कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, केबल हलक्या हाताने मोठ्या गोलाईत वाकवा, तडे जाऊन पापुद्रे निघतात. पीयू सीलंट, म्हणजे बोटवाले सगळीकडे मारतात ते, ओलं असेल तर लगेच पुसा, सेट झालं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने खरडण्याशिवाय मार्ग नाही.

सिलिकॉनबद्दल मात्र जास्त बोलायला हवं. मोठे तुकडे ओढून निघतात, पण मागे जो न दिसणारा थर राहतो त्याच्यावर नंतर काहीही चिकटत नाही, ना एपॉक्सी, ना पीयू, ना हीट श्रिंकचं ग्लू. आयपीएने पुसलं की तो फक्त पसरतो. आधी खरडा, मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने वरचा थरच घासून काढा, ती धूळ एका दिशेने पुसा, प्रत्येक पुसण्याला चिंधीची नवी बाजू. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ लावलेलं दिसलं तर तिथलं तांबं उघडून तपासा, सेट होताना त्यातून अॅसेटिक अॅसिड निघतं आणि ते तांब्याला खातं. ओ-रिंगला आपण सिलिकॉन ग्रीस लावतो त्याचाही हाच त्रास. ग्रीसचं काम आणि केबल साफ करायचं काम एकाच हातमोज्यात करायचं नाही. ग्रीसचा हात लागलेला मोजा, पक्कड, टॉर्च, सगळं वेगळं.

सगळं निघालं की शेवटचं घासणं. पीयू आणि पीव्हीसीला 120 किंवा 180 नंबर, चमक जाईपर्यंतच, आणि घासायचं ते केबलभोवती गोल. लांबीच्या दिशेने पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे जॉइंटच्या खालून पाण्याला आत जायला तयार वाट. मग ताज्या चिंधीने आयपीए, धुतलेलं जुनं सुती बनियन याला सगळ्यात छान, रंगीत कापड नको. त्यानंतर बोट लावायचं नाही.

पावसाळ्यात इथे एक गोष्ट होते ती बाहेरच्या व्हिडिओंमध्ये कोणी सांगत नाही. आयपीए उडताना जॅकेट थंड होतं, आणि आपल्या जुलैच्या हवेत एवढा ओलावा असतो की त्या थंड भागावर लगेच दव धरतं. डोळ्याला दिसत नाही, टॉर्च तिरका मारला की धुरकट पट्टा दिसतो. त्यावर एपॉक्सी घातलं तर ते पाण्यावर बसलं. म्हणून आयपीए पूर्ण उडाल्यावर, वास गेल्यावर, ड्रायरने तो भाग हाताला कोमट लागेल एवढाच तापवा, किंवा एसीच्या खोलीत काम करा आणि केबलही आधी तासभर तिथेच ठेवा. दोन भागांचं पीयू रेझिन वापरत असाल तर ओलाव्याने त्यात कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात, तो जॉइंट स्पंजच. आणि एपॉक्सीचे दोन थर देणार असाल तर पहिल्यावर दमट हवेत कधी कधी मेणासारखा चिकट थर येतो, तो आयपीएने नाही तर पाण्याने आणि स्कॉच ब्राइटने धुऊन काढायचा, वाळवायचा, मगच दुसरा थर.

जॉइंट मारायच्या आधी साफ केलेल्या भागाला हात न लावता, त्याच्या दोन्ही बाजूंना धरून हळू वाकवून चारी बाजूंनी बघा, वाकवल्यावर चीर उघडते. दिसली तर तिथूनच कापा, वर टेप मारून पुढे जाऊ नका. मग जॉइंट करा, तो पूर्ण सेट होऊ द्या आणि बादलीत मिठाचं पाणी घेऊन जॉइंट रात्रभर बुडवून ठेवा, दोन्ही टोकं बाहेर, कोरडी. सकाळी मल्टीमीटरने कंटिन्युइटी, आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर दोन्ही बाजूंची इलेक्ट्रॉनिक्स सोडलेली आहेत याची खात्री करून एकेक तार आणि पाणी यांच्यात 500 व्होल्टला रीडिंग घ्या. शेकडो मेगाओममध्ये स्थिर राहिलं तर ठीक, काही मेगाओमवर आलं किंवा बघता बघता उतरत गेलं तर पाणी आत आहे. काय जॅकेट होतं, काय गोंद निघाला, कशाने निघाला आणि नवीन काय लावलं हे टॅगवर लिहून केबलच्या कोरड्या टोकाला बांधा, पुढच्या वर्षी जो कोणी ती उघडेल त्याचा अर्धा दिवस वाचेल. वापरलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, उरलेला सॉल्व्हंट बाटलीत परत बंद करून वर्कशॉपच्या केमिकल कचऱ्यात. जेटीवरून पाण्यात ओतायचा नाही, कृपा करून, ज्या पाण्यात आपण रोज कॅमेरा सोडतो तेच ते पाणी आहे.